कृत्रिम क्षितिज आणि त्याचे साक्षीदार

विमानातील मनुष्यास क्षितिज दिसेनासे झाले, म्हणजे त्याच्या शरीरापाशी खरे सांगणारे असे फारसे काही उरत नाही. हे विधान ऐकणाऱ्यास अतिशयोक्तीचे वाटण्याचा संभव आहे. डोळे मिटले तरी आपण उभे आहोत की आडवे, हे आपणांस कळते, असा प्रत्येकाचा नित्याचा अनुभव आहे. परंतु तो अनुभव जमिनीवरचा होय. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांतील द्रव हलला की वळल्याची जाणीव होते. विमान सावकाश एका कुशीवर कलले आणि त्याच वळणात काही वेळ राहिले, तर तो द्रव स्थिरावतो व आपण सरळच चाललो आहोत असे मन मानू लागते. मग वैमानिकाने विमान खरोखर सरळ केले, की तेच मन त्यास सांगते, ‘आता तू विरुद्ध बाजूस कललास.’ ढगांत किंवा काळोख्या समुद्रावर या साक्षीवर विसंबून विमान चालविणारे अनेक निष्णात लोक प्राणास मुकले आहेत.

अशा वेळी विश्वास ठेवावा तो कोणावर, हा वैमानिकविद्येतील मूळ प्रश्न आहे. वैमानिकापुढील फलकाचा सारा इतिहास म्हणजे या प्रश्नाला मनुष्याने वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय. आजच्या विमानातील रंगीत पडदे पाहणाऱ्यास ती विद्युत्‌विद्येची किमया वाटते, आणि ती तशी आहेही. परंतु त्या पडद्यांवर कोणती खूण कोठे असावी, याचा निर्णय बव्हंशी पडद्यांच्या जन्मापूर्वीच झाला होता. तो कसा झाला आणि त्याची किंमत कोणी दिली, एवढेच येथे सांगण्याचा आमचा हेतू आहे.

प्रारंभीच्या वैमानिकापाशी उपकरणे नावालाच होती. वाऱ्याचा गालावरील स्पर्श, तारांचा आवाज व बसण्याच्या जागेवर पडणारा भार यांवर तो विमान चालवी. या अंगभूत कौशल्याचा त्याला मोठा अभिमान असे. अमेरिकन सैन्यातील वैमानिक विल्यम ऑकर व सैनिकी डॉक्टर डेव्हिड मायर्स यांनी १९२६ च्या सुमारास फिरत्या खुर्चीच्या प्रयोगाने हा अभिमान पोकळ असल्याचे दाखवून दिले. डोळे झाकून खुर्चीत बसलेल्या अनुभवी वैमानिकासही आपण कोणत्या दिशेने फिरत आहोत हे सांगता येईना. शरीराची साक्ष बाद ठरली; तिच्या जागी यंत्राची साक्ष उभी करणे भाग पडले.

तो प्रयोग २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्ड येथे झाला. जेम्स डूलिटल या वैमानिकाने आपली जागा पूर्णपणे आच्छादून घेतली, बाहेरचे काहीही दिसणार नाही अशी व्यवस्था केली आणि विमान उडवून, वळवून, सुमारे पंधरा मिनिटांनी पुन्हा जमिनीवर उतरविले. पुढील आसनावर बेंजामिन केल्सी हा दुसरा वैमानिक केवळ सावधगिरीसाठी बसला होता. डूलिटलच्या पुढे त्या दिवशी तीन नवी साधने होती. स्पेरी यांच्या कारखान्यातून आलेले कृत्रिम क्षितिज व जायरोस्कोपवर चालणारे दिशादर्शक ही त्यांपैकी दोन, आणि पॉल कोल्समन यांचा सूक्ष्म उंचीमापक हे तिसरे. यांखेरीज धावपट्टीची दिशा दाखविणारा रेडिओचा संकेतही होता. वेगाने फिरणारे चक्र आपला अक्ष सहजासहजी बदलू देत नाही, हा त्या कृत्रिम क्षितिजाचा आधार. विमान कितीही कलले तरी आतील चक्र आपल्या जागी ठाम राही, आणि त्यास जोडलेली आडवी रेघ वैमानिकास खरे क्षितिज कोठे आहे ते दाखवी.

यंत्रे मिळाली, तरी ती मांडावी कशी हा प्रश्न मागे राहिला. त्या काळी जो तो कारखानदार जागा मिळेल तेथे तबकड्या बसवी. एका विमानात वेगमापक डावीकडे, तर दुसऱ्यात उजवीकडे, असा प्रकार चाले. आपल्या घरची गृहिणी दिवा गेला असताही स्वयंपाकघरात मिठाचा डबा अचूक उचलते. तीच दुसऱ्याच्या घरी गेली, की हात चाचपडू लागतो. डबा तोच, मीठ तेच. बदलली ती जागा. विमानात असे चाचपडण्यास अवधी नसतो. ब्रिटिश वायुदलाने दुसऱ्या महायुद्धापूर्वी यावर जो उपाय केला, तो सहा तबकड्यांच्या ठरावीक फलकाचा. वरच्या ओळीत वेगमापक, कृत्रिम क्षितिज व चढ-उतारमापक. खालच्या ओळीत उंचीमापक, दिशादर्शक व वळणदर्शक. एका आसनाच्या स्पिटफायरमध्ये व चार इंजिनांच्या लँकास्टरमध्ये हाच फलक त्याच क्रमाने असे. त्यामुळे एका विमानावर शिकलेली नजर दुसऱ्या विमानात परकी ठरत नसे.

युद्धकाळात अमेरिकेत एका वेगळ्या प्रकारच्या अपघातांनी अधिकाऱ्यांस कोड्यात टाकले. बी-१७ जातीची बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरत आणि धावपट्टीवर आल्यानंतर वैमानिक चाके वर ओढून घेत. विमान पोटावर आपटे. ॲल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तो पंखांवरील फ्लॅपची कळ आणि चाकांची कळ शेजारी शेजारी व दिसण्यास जवळपास सारखी. थकलेला हात एकीऐवजी दुसरीवर पडे. चॅपॅनिसने चाकांच्या कळीस चाकाच्या आकाराची मूठ बसविली व फ्लॅपच्या कळीस पाचरीसारखी, जेणेकरून न पाहताही हातास फरक कळावा. आजच्या प्रवासी विमानांतही या दोन कळांच्या मुठी त्याच आकारांच्या असतात. ‘वैमानिकाची चूक’ या सोयीच्या शब्दांमागे बहुधा मांडणीची चूक दडलेली असते, हा धडा येथे प्रथम स्पष्टपणे शिकला गेला.

युद्ध संपल्यावर पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनी हाच धागा पुढे नेला. १९४७ साली त्यांनी वैमानिकांच्या अनुभवकथनांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. कळा हाताळताना झालेल्या ४६० चुका आणि उपकरणे वाचताना झालेल्या २७० चुका त्यांनी तपासल्या. वाचनाच्या चुकांत एक चूक पुनःपुन्हा आढळे, ती तीन काट्यांच्या उंचीमापकाची. त्या तबकडीवर एक काटा शेकड्यांचा, दुसरा हजारांचा व तिसरा, सर्वांत लहान, दहा हजारांचा असे. घाईत हजारांचा वा दहा हजारांचा काटा चुकीचा वाचला जाई. इशारा मिळूनही ती तबकडी पुढील दहा वर्षे विमानांत राहिली. १९५८ साली ब्रिटनमध्ये एप्रिल महिन्यात एक व्हायकाउंट व डिसेंबरात एक ब्रिटानिया अशी दोन विमाने जमिनीवर आदळली. दोहोंतही वैमानिकाने उंची दहा हजार फुटांनी अधिक वाचली होती. व्हायकाउंटमधील माणसे वाचली. ब्रिटानियातील नऊ जण दगावले. त्यानंतरच आकड्यांची फिरती नळी व एकच काटा असलेले उंचीमापक सर्वत्र येऊ लागले.

फिट्स व त्याच्या सहकाऱ्यांचा दुसरा प्रयोग अधिक सूक्ष्म होता. विमान उतरविताना वैमानिकाची नजर कोठून कोठे जाते, याचे त्यांनी चलत्‌चित्र घेतले. नजर ज्या तबकडीकडे वारंवार जाते ती महत्त्वाची. जिच्यावर अधिक वेळ खिळते ती वाचण्यास कठीण. आणि ज्या दोहोंमध्ये नजरेची ये-जा अधिक, त्या दोन शेजारी असाव्यात. नियम इतके साधे होते. या विचारातून इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची मांडणी रूढ झाली. मध्यभागी वर कृत्रिम क्षितिज, त्याच्या डावीकडे वेग, उजवीकडे उंची आणि खाली दिशा. अमेरिकेच्या वाहतूक-विमानांच्या नियमांत हीच मांडणी बंधनकारक करण्यात आली. क्षितिजावरून निघालेली नजर डावीकडे, उजवीकडे, खाली जाऊन पुन्हा क्षितिजावर येते, आणि प्रत्येक फेरीत एका यंत्राची साक्ष दुसऱ्याच्या साक्षीशी पडताळून पाहते. क्षितिज म्हणते विमान सरळ आहे, पण दिशेचा आकडा भराभर फिरत आहे. मग दोहोंपैकी एक खोटे बोलत आहे, हे निश्चित. ही उलटतपासणी नजरेच्या एका फेरीत व्हावी, हाच या मांडणीचा हेतू होय.

ती उलटतपासणी घडली नाही तर काय होते, याची सर्वांत दुःखद आठवण मुंबईच्या समुद्रात आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईस निघाले. किनारा ओलांडून त्याने उजवीकडे वळण घेतले व ते पुन्हा सरळ झाले. परंतु कप्तानापुढील कृत्रिम क्षितिज बिघडले होते; विमान उजवीकडेच कललेले आहे असे ते दाखवीत राहिले. खाली काळोखा समुद्र, वर काळोखे आकाश. बाहेर पाहून खरेखोटे करण्यास काहीच नव्हते. कप्तानाने यंत्रावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलविले व ते कलतच गेले. उड्डाणानंतर दोन मिनिटेही झाली नव्हती, तोच विमान वांद्र्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात कोसळले. विमानातील २१३ माणसांपैकी एकही वाचले नाही.

सहवैमानिकापुढे दुसरे कृत्रिम क्षितिज होते. मधल्या फलकावर राखीव असे तिसरेही होते. साक्षीदार तीन होते, आणि एकच खोटा होता. दोन यंत्रे एकमेकांच्या विरुद्ध सांगू लागली, तेव्हा तिसऱ्याकडे पाहून निवाडा करण्यास लागणारे चार-पाच क्षण हाती राहिले नाहीत. इतर उपकरणांवरून विमानाची स्थिती पडताळून पाहिली गेली नाही, असाच चौकशीचा निष्कर्ष निघाला. ज्यांची माणसे त्या रात्री गेली, त्यांना असल्या निष्कर्षाने काय समाधान मिळणार! परंतु फलकाच्या इतिहासाचा विचार करणाऱ्यास ही घटना विसरता येणार नाही. साक्षीदारांची संख्या पुरेशी असूनही त्यांच्यातील विरोध वेळीच व ठळकपणे नजरेस आणून देणारी व्यवस्था दुबळी असली, तर काय होते, हे तिने दाखविले.

त्याच दशकात विमानांतील तबकड्यांची गर्दी शिगेस पोहोचली होती. मोठ्या विमानात शंभरावर उपकरणे व कळा असत. इंजिनांच्या तबकड्या सांभाळण्यास तिसरा माणूस, म्हणजे फ्लाइट इंजिनिअर, बसवावा लागे. प्रत्येक तबकडी एकच गोष्ट सांगे आणि ती सांगण्यासाठी सदासर्वदा जागा अडवून बसे. अमेरिकेच्या नासा या संस्थेने एका बोइंग ७३७ विमानात, प्रवाशांच्या भागात, खिडक्या नसलेला दुसरा वैमानिककक्ष उभारला व तेथे तबकड्यांऐवजी दूरचित्रवाणीसारखे पडदे लावले. या बंद खोलीतून वैमानिक विमान चालवीत, आणि पुढील नेहमीच्या कक्षात दुसरे वैमानिक सावधगिरीसाठी बसलेले असत. डूलिटलचा आच्छादित कक्ष आणि पुढे बसलेला केल्सी यांचीच ही नवी आवृत्ती म्हणावयाची.

या प्रयत्नांचे फळ प्रवासी विमानांत १९८० नंतर दिसू लागले. २६ सप्टेंबर १९८१ रोजी बोइंग ७६७ ने प्रथम उड्डाण केले. पुढील वर्षी बोइंग ७५७ व एअरबस ए-३१० ही विमाने आली. त्यांत विमानाची स्थिती व मार्ग दाखविण्यास रंगीत पडदे होते, इंजिनांसाठी वेगळे पडदे होते, आणि वैमानिक दोनच होते. एअरबस ए-३२० या विमानात सहा पडद्यांनी जवळजवळ सगळा फलक व्यापला. त्याचे पहिले उड्डाण २२ फेब्रुवारी १९८७ रोजी झाले. बोइंग ७४७-४०० मध्ये दिवे, तबकड्या व कळा यांची संख्या जुन्या ७४७ मधील ९७१ वरून ३६५ वर आली. पडद्यामागील व्यवस्था अशी, की संवेदकांकडून आलेली माहिती संगणक घेतो, चित्र तयार करतो व पडद्यावर उमटवितो. एक पडदा बंद पडला, तर त्याचे चित्र शेजारच्या पडद्यावर आणता येते. चित्र घडविणारे एक यंत्र निकामी झाले, तर दुसरे त्याची जागा घेते. इंजिने ठीक असतील तेव्हा त्यांची सविस्तर माहिती दडून राहते, आणि बिघाड होताच ती आपण होऊन पुढे येते.

आता या मुख्य पडद्यावर नजर टाकली असता काय दिसते? मध्यभागी निळे आकाश व तपकिरी भूमी यांच्या सीमेवर कृत्रिम क्षितिज, डावीकडे वेगाची उभी पट्टी, उजवीकडे उंचीची उभी पट्टी, खाली दिशा. म्हणजे तेच ‘टी’ अक्षर! जायरोस्कोपच्या फिरत्या चक्राची जागा प्रकाशाच्या किरणांनी मोजणाऱ्या लेसर-यंत्राने घेतली, काटे गेले, काच बदलली. पण नजरेची पायवाट तीच ठेवावी लागली. माणसाचा डोळा व त्याचे लक्ष यांची घडण यंत्रांबरोबर बदलत नाही, हे त्याचे कारण होय.

पडद्यांनी पुष्कळ दिले, तसे काही नवे धोकेही आणले. काट्याचा एक गुण असा, की आकडा न वाचताही त्याच्या कलावरून मर्म कळते. भिंतीवरील घड्याळात आपण आकडे कोठे वाचतो? ८ जानेवारी १९८९ रोजी लंडनहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग ७३७-४०० विमानाच्या डाव्या इंजिनातील पंख्याचे एक पाते तुटले, आणि वैमानिकांनी निर्दोष असलेले उजवे इंजिन बंद केले. हे विमान केगवर्थ गावाजवळ कोसळून ४७ माणसे मेली. कोणते इंजिन थरथरत आहे हे दाखविणारे उपकरण फलकावर होते. परंतु नव्या विद्युत्‌फलकावर ते अगदी लहान, आणि जुन्या लांब काट्याऐवजी तबकडीच्या कडेने सरकणारी प्रकाशाची बारीक खूण त्यावर होती. त्यास धोक्याचा दिवाही जोडलेला नव्हता. साक्षीदार खरेच बोलत होता. त्याचा आवाज मात्र क्षीण होता.

दुसरा धोका अधिक गूढ आहे. जुनी तबकडी विमान काय करीत आहे ते सांगे. नव्या विमानात संगणक स्वतः विमान चालवितो, म्हणून तो कोणत्या पद्धतीने चालवीत आहे, हेही वैमानिकास जाणावे लागते. आणि ते पडद्याच्या माथ्यावरील लहानशा अक्षरांत लिहिलेले असते. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० धावपट्टीपूर्वीच जमिनीस टेकले व १४६ पैकी ९२ जण मरण पावले. उतरताना इंजिने निष्क्रिय गतीवर ठेवणारी पद्धत चालू राहिली होती आणि वेग घटत गेला. वेगाची पट्टी ते दाखवीत होती, माथ्यावरची अक्षरेही होती. पण ध्यानात आले तेव्हा उशीर झाला होता. २० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ दुसरे ए-३२० डोंगरावर आदळून ८७ माणसे मेली. तेथे एकाच खिडकीत उतरण्याचा कोन व उतरण्याचा वेग असे दोन्ही आकडे दिसत. ३.३ अंशांचा कोन हवा असता दर मिनिटास ३३०० फुटांचा वेग निवडला गेला, हा सर्वांत संभवनीय तर्क होय. पुढे वेगाचा आकडा चार अंकांत पूर्ण दाखविण्याची सुधारणा झाली. तीन काट्यांच्या उंचीमापकाची जुनी चूकच नव्या वेषात परत आली होती, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

तिसरी गोष्ट साक्षीदारांच्या स्वातंत्र्याची. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाणाऱ्या एअर फ्रान्सच्या ए-३३० विमानात वेग मोजणाऱ्या तीन वेगवेगळ्या नळ्या होत्या. पण त्या एकाच जातीच्या होत्या, आणि एकाच ढगातील बर्फाने एकाच वेळी तुंबल्या. वेगाची साक्ष अल्पकाळ नाहीशी झाली, स्वयंचलित नियंत्रण सुटले, आणि गोंधळलेल्या वैमानिकांच्या हातून विमान अटलांटिक महासागरात गेले. २२८ माणसे मेली. कृत्रिम क्षितिज त्या सर्व वेळ खरे सांगत होते. एकाच ठिकाणी ऐकून आलेले तीन साक्षीदार न्यायालयात एकासारखेच मोजावे लागतात. यंत्रांचा न्यायही याहून वेगळा नाही.

या साऱ्या अनुभवांचे सार आजच्या फलकात उतरलेले आहे. बोइंग ७७७ या १९९५ साली सेवेत आलेल्या विमानापासून जड काचनळ्यांच्या जागी पातळ द्रवस्फटिकांचे पडदे आले. कप्तानाच्या व सहवैमानिकाच्या बाजूंस वेगळ्या यंत्रांकडून माहिती पुरविली जाते, संगणक ती सतत ताडून पाहतो आणि तफावत दिसताच पडद्यावर इशारा उमटतो. १९७८ च्या त्या रात्री ही वेगळी नजर जशी असावयास हवी होती, तशी ती आता फलकातच बसविली आहे. तरीही मुख्य पडद्यांपासून अलिप्त असे एक लहानसे राखीव उपकरण, स्वतःच्या स्वतंत्र वीजपुरवठ्यावर चालणारे, फलकाच्या मध्यभागी ठेवलेलेच असते. त्यावर पुन्हा क्षितिज, वेग व उंची यांचीच नोंद असते.

दाबोळीहून रात्री पश्चिमेकडे उडालेले विमान काही क्षणांतच काळ्या समुद्रावर जाते. गोव्याचे दिवे मागे पडतात आणि प्रवासी निश्चिंतपणे डोळे मिटून घेतो. पुढे बंद दाराआड दोन माणसांची नजर त्या वेळी क्षितिजावरून वेगाकडे, वेगावरून उंचीकडे, उंचीवरून दिशेकडे आणि पुन्हा क्षितिजाकडे फिरत असते. ती पायवाट ज्यांनी आखली त्यांची नावे प्रवाशास ठाऊक नसतात. ज्यांच्या मरणाने ती दुरुस्त होत गेली, त्यांची तर नसतातच. त्यांतील पुष्कळ जण आपल्याच मुंबईच्या किनाऱ्यालगत विसावले आहेत, एवढे तरी आम्हां सर्वांच्या स्मरणात असावे.